चाक ओवळं, हँडल सोवळं

अण्णा,

गेल्या महिन्यात मी तुमच्या मुलाच्या सायकलला डायनामो बसवला. तुमच्या सायकलवर होता तसा, बाटलीसारखा, टायरला घासत घूं घूं करणारा नव्हे. हा पुढच्या चाकाच्या मधोमध, हबच्या पोटातच असतो. बाहेरून कशाला टेकत नाही, लावावा लागत नाही, काढावा लागत नाही. चाक फिरलं की दिवा लागतो. जोडीला हँडलवर एक छोटा कंप्युटर बसवला, किती वेगानं चाललोय आणि किती किलोमीटर झाले ते दाखवणारा. तुम्हाला हे सगळं फार आवडलं असतं. यंत्रांचं तुम्हाला वेड होतं आणि यंत्राला हात लावायची किळस होती. या दोन गोष्टी एका माणसात इतक्या सुखानं कशा नांदत होत्या, हे मला अजून कळलेलं नाही. लोकांना मी सांगते की अण्णांवर माझा राग आहे. ते खोटं आहे. राग आला असता तर तो इतक्या वर्षांत कधीतरी ओसरलाही असता. मला तुमची किळस येते. हा शब्द बापासाठी वापरायचा नसतो, ठाऊक आहे मला. पण तो मी तुमच्याच घरात शिकले.

तुमच्या सायकलचं शास्त्र मला अजून पाठ आहे. पहाटे ब्रह्मा घाटावरून निघायचं ते स्नान करून, सोवळं नेसूनच, कारण यजमानाच्या घरच्या नळावर तुमचा भरवसा नव्हता. मग सोवळ्यात सायकल चालवायची कशी? सीट चामड्याची, म्हणून तिच्यावर धाबळीचा तुकडा, लोकर काही ओवळी होत नाही. हँडलवरून ओला हात फिरवला की ते शुद्ध. पायांचा प्रश्नच नव्हता, ते यजमानाच्या दारात धुवायचेच असतात. राहिलं चाक. चाक गलीतून जाणार, आणि आपल्या काशीच्या गलीत सकाळी काय काय पडलेलं असतं ते मी कशाला सांगू. "चाक ओवळं, हँडल सोवळं," असं तुम्ही ऐटीत सांगायचात आणि बरोबरचे भिक्षुक माना डोलवायचे. डायनामो चाकाला टेकणार, तेव्हा तोही ओवळा. तो पायानं ढकलला तर? छे, दिव्याच्या वस्तूला पाय लावायचा नाही. आदल्या रात्रीच लावून ठेवला तर? टायर दबतो. प्रत्येक वाटेवर तुम्ही एकेक नियम बसवून ठेवला होता, राखणीला बसवावा तसा. त्यामुळे रोज पहाटे तुम्हाला एक ओवळं माणूस लागायचं. आई तोवर नहाऊन सोवळ्यात चुलीपुढे. धाकटा पाळण्यातून नुकता उतरलेला. उरले मी.

"डायनामो लावून दे गं," तुम्ही गलीत उभे राहून हाक मारायचात. मी अंथरुणातून उठून, तोंड न धुता, केस पिंजारलेले, खाली यायची. अंगठ्यानं खटका दाबायचा की तो बाटलीसारखा तुकडा टप्प करून टायरला चिकटायचा. मला या कामाचा किती अभिमान होता! घरात मला दुसरं कुठलंच काम जमत नाही असं आईचं ठाम मत होतं, पण माझ्याशिवाय अण्णांचा दिवा लागत नव्हता. खंडेनवमीला तुम्ही सायकल उलटी ठेवून धुवायला सांगायचात, झेंडूची माळ घालायचात, आणि पूजा झाली की म्हणायचात, "आता फिरव." मी पेडल हातानं गरगर फिरवायची. दिव्यातली तार आधी तांबूस व्हायची, मग पिवळी, मग डोळे दिपायचे. "बघ, तू जेवढी राबशील तेवढाच तो जळणार. फुकट काही नाही," तुम्ही म्हणायचात. आज मुलींच्या इंटर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि दर वर्षी चुंबकाचा धडा आला की तुमचंच वाक्य वापरते. तुमच्याकडून मिळालेली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे. ती परत करता आली असती तर केली असती, पण नाही करता येत.

मग मला कावळा शिवायला लागला. महिन्यातले काही दिवस मी खालच्या खोलीत, पोत्यावर. तीच खोली जिथं तुमची सायकल असायची. त्या दिवसांत तुम्ही दिव्याशिवाय जायचात. मी झोपल्या जागेवरून हात लांबवला असता तर खटक्याला लागला असता, इतकी जवळ ती सायकल. पण मी नुसती ओवळी नव्हते, मी विटाळशी होते, आणि विटाळशी बाईनं दिव्याला हात लावायचा म्हणजे काय! तेव्हा मला ते विचित्र वाटलं नाही. पुढे वाटलं, आणि हसूही आलं, घाणेरडं हसू. तुम्हाला दिवा लावायला घाण माणूस हवं होतं, पण बेतानं घाण. नेमकं तेवढ्या मापाचं ओवळं माणूस त्या दिवशी घरात नव्हतं.

कार्तिकातली पहाट होती. धुकं गलीत उतरलं होतं. मैदागिनच्या पलीकडे कुणाकडे तरी रुद्राभिषेक होता आणि तुम्हाला उशीर झाला होता. तुम्ही सायकल काढायला खोलीत आलात, मी जागी होते. मी विचारलं, "अण्णा, लावू का?" आणि उठून बसले. एवढंच. हात पुढे केला होता की नाही, तेही आठवत नाही. तुम्ही एकदम मागे सरलात, धोतराचा घोळ दोन्ही हातांनी गोळा केलात, आणि तुमचं नाक वर गेलं. त्या नाकावरची आठी मला आजही दिसते, तुमच्या फोटोत दिसत नाही पण मला दिसते. तुम्ही म्हणालात, "शिवशील!" मग सायकल उंबऱ्यावरून उचलून निघून गेलात. मला उद्देशून तुम्ही बोललेला तो शेवटचा शब्द.

भाजीचा टेंपो होता. चालवणारा माणूस आपल्या दारात येऊन रडत होता, "बाबा दिखे ही नहीं, माई, कसम से, दिखे ही नहीं." त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या. मी खालच्या खोलीच्या दारातून ऐकत होते आणि मला एकटीला कळत होतं की तो खरं बोलतोय. तुम्ही दिसलातच नसणार. तेराव्याला जेवायला आलेले लोक द्रोणातली खीर भुरकत म्हणाले, काशीत मरण, तेही कार्तिकात, अंगावर सोवळं असताना, पुण्यवान माणूस. एकानं तर आईला सांगितलं की त्यांनी विटाळ होऊ दिला नाही शेवटपर्यंत, केवढी निष्ठा. आणि दहाव्याला हीच सगळी मंडळी हात जोडून उभी होती, कावळा कधी शिवतो म्हणून वाट बघत. तुमच्या पिंडाला शिवला तर तुमचं भलं, मला शिवला तर मी पोत्यावर. मला तिथंच उलटी झाली. उपास सोसला नाही तिला, असं आई म्हणाली.

मी लंकेला राहते, विद्यापीठाच्या बाजूला, नोकरीच्या जवळ. ब्रह्मा घाटावर कमी जाते. यजमानकी आता धाकटा बघतो. बरा माणूस आहे तो, अण्णा, तुमच्यापेक्षा बराच मऊ. बायकोशी हसून बोलतो, मुलीला कॉलेजात घातलीय, गलीतल्या गाई ओळखून हाका मारतो. या श्रावणात मी राहायला गेले होते. पहाटे जाग आली ती एका हाकेनं. खालून धाकटा म्हणत होता, "दिवा लावून दे गं." मी अंथरुणात ताठ उठून बसले. क्षणभर वाटलं, मलाच बोलावतायत.

खाली त्याची मुलगी उभी होती, पिंजारलेल्या केसांची. त्याच्या सायकलला बॅटरीचा दिवा आहे, खाली मडगार्डाशी रबरी पट्ट्यानं बांधलेला. चिखल उडतो म्हणून ओवळा. ती वाकून बटण दाबत होती. तो गेल्यावर मी तिला विचारलं, "हे रोज?"

"रोज," ती जांभई देत म्हणाली. "मतलब, जब मैं ठीक रहती हूँ. नाहीतर पप्पा तसेच जातात."

"अंधारात?"

"आदत आहे त्यांना, आत्या. तू टेन्शन नको घेऊस."

आता मुलींना पोत्यावर बसवत नाहीत. ती त्या दिवसांतही कॉलेजला जाते, मोबाइल बघते, चाट खाते. फक्त देवघर, स्वयंपाकघर आणि पप्पांची सायकल, एवढंच शिवायचं नाही. वहिनीनं मला हे समजावून सांगितलं, कसं आता सगळं सोपं झालंय ते. सुंभ जळाला आणि पीळ राहिला, आणि हे लोक पीळ दाखवून म्हणतात, बघा, सुंभ कुठंय! मी भांडले नाही. भांडून तुमच्या घरात काही झालेलं मी बघितलं नाही. ठरवलं की दिवा असा लावायचा की कुणाचा हात नको आणि कुणाचा हात कमी पडायला नको.

हब मागवला, आणि तो स्पोकांनी चाकात विणून घ्यायला लहुराबीरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराच्या तोंडात पान होतं. त्यानं आस दोन बोटांत धरून फिरवून बघितला. आतल्या चुंबकांमुळे तो अडखळत फिरतो, ते बघून त्याला वाटलं माल खराब आहे. "मैडम, ई तो जाम है. काहे ई झंझट पाल रही हैं? चाइना वाला बैटरी लगवा लीजिए." हे सांगताना त्यानं मान वळवली आणि पिंक टाकली ती नेमकी नव्या रिमवर. मग अंगातल्या बनियननं पुसून दिली, मोठ्या अदबीनं. काशीत शुद्धी ही अशी आहे, अण्णा. घाटावर बघा, गलीत बघा. जो तो आपलं तेवढं जपतो आणि बाकीच्या जगावर थुंकतो.

बाकी काम मी घरी, गलीतच बसून केलं. जुनं चाक काढलं, नवं फोर्कमध्ये बसवलं, दोन तारा फोर्कवरून वर नेऊन दिव्याला जोडल्या, आणि त्यांच्या टोकाची छोटी पिन आसाजवळ हबला खोचली. कंप्युटरसाठी एका स्पोकवर चुंबक आणि त्याच्यासमोर फोर्कवर त्याला ओळखणारा सेन्सर. चाकाचा घेर मोजून कंप्युटरला सांगावा लागतो, तो भाचीनं जमिनीवर खडूनं रेघ मारून मोजला. धाकटा वरच्या पायरीवर बसून बघत होता. आतलं ग्रीस कशाचं आहे, चरबी तर नाही ना, असं त्यानं दोनदा विचारलं. माझे हात काळे, नखांत त्या टायरची घाण, आणि हा विचारतोय चरबी तर नाही ना. मी म्हटलं, "खनिज तेलापासून करतात. बोकड नाही कापत." तो खूश झाला. चाक फिरवलं, दिवा लागला, आणि तो टाळी वाजवून म्हणाला, "वा ताई, एकदम बढिया! आता कुणी शिवायलाच नको."

मी फिरतं चाक हातानं थांबवलं. कारण त्याचं बरोबर होतं. पोरीची पहाटेची हाक बंद झाली, त्याचा अंधार गेला, आणि तुमची किळस मात्र जागच्या जागी, उलट आता तिला हक्काचा उजेड. आयुष्यभर जिचा तिटकारा केला तिला मी आपल्या हातानं दिवा लावून दिला होता. पुढचे काही दिवस धाकटा फोन करून कंप्युटरवरचे आकडे सांगायचा. आज अस्सी घाटापर्यंत जाऊन आलो, आज इतकं झालं, एकूण तितकं झालं. जपाची माळ मोजावी तसा तो ते किलोमीटर मोजत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

काल तुमचं श्राद्ध होतं, म्हणून परवाच मुक्कामाला गेले. पितृपक्षात त्याला पहाटेपासून श्वास घ्यायला फुरसत नसते. तुमच्या श्राद्धाआधी अस्सीकडे उतरलेल्या कुणा यजमानांचं तर्पण उरकून यायचं होतं. तो सोवळं नेसून सायकल गलीत घेऊन गेला. मी दारात उभी होते, अजून नहायची होते. सायकल ढकलत चार पावलं गेला तरी दिवा लागेना. त्यानं वाकून कंप्युटरकडे बघितलं.

"आकडा वाढलाय," तो म्हणाला. "गाडी कुणी नेली होती?"

"मी," भाची मागून म्हणाली. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. "काल संध्याकाळी. अस्सीपर्यंत. पप्पा, क्या मस्त चालते, स्पीड पण दिसते."

आतून वहिनी "अगंबाई" म्हणाली. पोरीच्या त्या दिवसांतली ती संध्याकाळ होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्यानं हँडल सोडलं, मग पडेल म्हणून परत धरलं. सायकल उंबऱ्यावरून उचलताना ती पिन निसटली असणार, मला दिसत होती, आसाजवळ लोंबत होती.

"ताई," तो हळू म्हणाला, "वायर निघालीय बघ. लावून दे ना जरा. मग मी परत नहातो, गाडी धुतो, बघू काय करायचं ते. पण आधी लावून दे."

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मी नाही लावणार."

"अगं, लोक घाटावर येऊन बसलेत!"

"मग तू लाव."

"मी सोवळ्यात आहे."

"दिसतंय मला."

"राहू दे मग, तसाच जातो," तो म्हणाला आणि सायकल पुढे ढकलली.

"मी लावते पप्पा, उसमें क्या है," असं म्हणत पोरगी पायरीवरून उठली आणि त्याच्या दिशेनं निघाली. तो एकदम मागे सरला. धोतराचा घोळ गोळा केला. आणि अण्णा, तेच नाक, तीच आठी. तो तुम्ही गेलात तेव्हा इतका लहान होता की तुमचा चेहराही त्याला आठवत नाही, ही आठी त्यानं कुठून आणली? "अगं, शिवशील!" तो म्हणाला.

मी म्हटलं, "अण्णा मला शेवटचं हेच म्हणाले होते."

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. त्याला फक्त टेंपो माहीत होता आणि कार्तिक माहीत होता. मी तिथंच, गलीत उभ्यानं सांगितलं, सायकल कुठे होती, मी कुठे होते, मी काय विचारलं. फार वेळ लागला नाही. पोरगी जिथल्या तिथं थांबली होती. शेजारच्या खिडकीतून कुणाचा तरी नळ वाहत होता.

त्यानं सायकल भिंतीला टेकवली. उकिडवा बसला. ती पिन हातात घेतली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. चाक हातानं फिरवून बघितलं. टायरला हात लावून, अण्णा, सोवळं नेसून. समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोळा पडला. मग तो उठला, काळे झालेले हात अंगापासून लांब धरून. पोरीनं आतून तांब्या आणला आणि सवयीनं त्याच्यापासून दूर, उंबऱ्यावर ठेवला. त्यानं तो मनगटांत धरून हातांवर पाणी ओतलं, डोळ्यांना लावलं, "विष्णवे नमः" म्हणाला आणि निघाला. दिवा गलीच्या वळणापर्यंत दिसत होता.

एवढंच होतं. एक तांब्या पाणी. तुमच्यापाशीही तांब्या होता, खालच्या खोलीच्या दारातच, तांब्याचा, कडा चेपलेला. मला तो पोत्यावरून दिसायचा.

तुम्हाला वाटेल, चला, पोरगा शहाणा झाला. दुपारी ब्राह्मण जेवून गेले, तुमच्या फोटोला हार घालून झाला, आणि तो माझ्याशेजारी येऊन बसला. डोळे लाल होते. मग म्हणाला, "ताई, ती पिन पक्की सोल्डर करता येईल का गं? म्हणजे पुन्हा हात लावायची वेळ नको." पोरगी खुदकन हसली आणि मोबाइल घेऊन वर गेली. मी हो म्हटलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकू? पोस्टात टाकायची सोय नाही. इथले लोक असलं काही गंगेत सोडतात, पण तिच्यात आधीच पुरेशी घाण आहे, त्यात तुमची-माझी कशाला. घडी करून कॉलेजच्या पिशवीत ठेवीन, मग कधीतरी टरकावीन.

एक गोष्ट राहिली. काल दारात मी हात पाठीमागे घेऊन उभी होते आणि तोंडानं मोठी ठाम होते. पण धाकट्यानं "तसाच जातो" म्हणून सायकल पुढे ढकलली तेव्हा माझे गुडघे वाकायला लागले होते, अण्णा. पोरगी मध्ये उठली नसती, तर मी खाली बसून ती पिन लावून दिली असती, तोंड न धुता, तुम्हाला लावून द्यायची तशी.